वांगीमामांची खिडकी

वांगीमामांना झोपलेला माणूस बघवत नसे. आणि मला कायमची रात्रपाळी असल्यामुळे भरदिवसा झोपलेला माणूस त्यांच्या खोलीत मी एकटाच. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला आखातातल्या अस्करच्या कंपनी क्वार्टर्समध्ये मी त्यांच्याबरोबर चार वर्षं काढली. 'राहिलो' म्हणवत नाही.

मामा मालवणकडचे, मेसमध्ये स्वयंपाकी. पहाटेचा नाश्ता उरकून दहाच्या सुमाराला ते खोलीवर येत, आणि नेमका तेव्हाच माझा डोळा लागलेला असे. ऑगस्ट लागला की त्यांच्या अंगात यायचं. बाहेरच्या आगीत बी रुजत नाही. म्हणून दुधाच्या पावडरीच्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडायची, त्यांत वांगी, मिरच्या, टोमॅटो पेरायचे, एसीच्या गारव्यात खिडकीपाशी रोपं वाढवायची आणि उन्हाळा उतरला की मेसच्या मागे नेऊन लावायची, हा त्यांचा दरवर्षीचा उद्योग. खोलीला खिडकी एकच, आणि तिच्याखालची खाट माझी.

पहिल्याच वर्षी त्यांनी खिडकीचा पडदा काढला, फाडला आणि ओला करून पेरलेल्या डब्यांवर पसरला. मी पाळीवरून येतो तो खोलीत लख्ख ऊन! मी ओरडलो. मामा ढिम्म. "डोळे मिटूक पडदो कित्याक होयो?" म्हणाले.

मी दुसरा पडदा आणून लावला. तो संध्याकाळपर्यंतही टिकला नाही.

"उजेड नाय गावलो तर रोपां लांबडी होतत नि मान टाकतत," मामा म्हणाले.

"आणि मी मान टाकली तर?"

"तुका खय वांगी लागतत?"

मी डोळ्यांवर पंचा बांधून झोपू लागलो, तर डब्यांना पाणी घालताना निम्मं माझ्या तोंडावर. खाट हलवायला खोलीत जागा नव्हती, खोली बदलून मिळत नव्हती. शेवटी व्हायचं तेच झालं. एका रात्री कारखान्यात भट्टीजवळ मी उभ्या उभ्या पेंगलो. सुपरवायझरने खांद्याला धरून मागे ओढलं आणि बजावलं, "नेक्स्ट टाइम खलास. सीधा इंडिया."

सकाळी येऊन मी मामांपुढे अक्षरशः हात जोडले. म्हटलं, "मामा, पडदा लावू द्या, नोकरी जाईल माझी. दोन बहिणी शिकतायत माझ्या पगारावर."

ते रोपांच्या शेंड्यांवरून तळवा फिरवत होते. "ह्या हप्त्यात नको. आत्ताच दोन पानां फुटली हत."

त्या क्षणी मला त्या माणसाचा मनापासून द्वेष वाटला. त्यांच्याच बरणीतल्या सुक्या मिरच्या न विचारता उचलून मी पाळीवर नेऊ लागलो. डुलकी आली की एक चावायची, डोळ्यांत पाणी आलं की झोप पळायची. नोकरी टिकली ती त्यांच्या मिरच्यांवर, आणि याचा तर मला अधिकच संताप येई.

थंडीत शुक्रवारी ते भरली वांगी करत. ताटात न मागता दुसरं वांगं पडे. "नोकरी गेली नाय मां? खा मगे." मी खाई. रागारागाने, देठासकट. वांगी उत्तम असत हे मी चार वर्षांत एकदाही बोलून दाखवलं नाही.

मग मामांचं वय झालं म्हणून कंपनीने त्यांचा व्हिसा पुढे वाढवला नाही. जाणार हे ठाऊक असूनही त्यांनी ऑगस्टमध्ये डबे पेरलेच, आणि शेवटच्या आठवड्यात एकेक रोप वाटून टाकलं. शेजारच्या खोलीला दिलं, धोब्याला दिलं, ज्याच्याशी वर्षभर अबोला होता त्या ड्रायव्हरलाही दिलं. मला नाही.

ते जाणार त्या दिवशी सकाळी पाळीवरून आलो तर खोलीत गुडूप अंधार. खिडकीला पडदा होता. कारखान्यातल्या कामाचे जुने निळे बॉयलर सूट उसवून, दुहेरी करून, हाताने शिवलेला. एका कोपऱ्यात खिसासुद्धा तसाच राहिलेला, बटणासकट. मामा ट्रंक बांधत होते. विमान दुपारचं होतं.

"झोप आता," ते म्हणाले. "जाताना उठयतंय तुका."

त्यांनी उठवायचं ठरवलं की आपण झोपून राहू शकत नाही, हा चार वर्षांचा अनुभव. मी निर्धास्त आडवा झालो.

जाग आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. समोरची खाट उघडी पडली होती. ज्या माणसाने चार वर्षं मला झोपू दिलं नाही, त्याने नेमकं त्या दिवशी मला उठवलं नाही. हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.