मास्तरांची परवाची गाडी

मास्तर सुई डबीत ठेवत नाहीत. शर्टाच्या कॉलरमागे खोचतात आणि मग दिवसभर घर डोक्यावर घेऊन ती शोधतात. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाहीत, खांद्यांकडे बघतात. टेप सतत गळ्यात असतो; अंघोळीला जाताना काढतात, असा त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, दावा आहे. आपल्या मोठ्या कात्रीला कुणाला हात लावू देत नाहीत, काकूंनासुद्धा. आणि काम कधी मिळेल असं विचारलं, की म्हणतात, परवा. परवा गेलं तरी परवाच.

त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहतो. पहिल्या दिवशी मी म्हणालो, साहित्यात पदवी घेतली आहे. मास्तर म्हणाले, "डावा खांदा उतरलाय तुझा." तेव्हापासून त्यांच्या तोंडी मी ग्रॅज्युएट.

कटिंगला मास्तरांचा हात धरणारा कुणी नव्हता, हे त्यांचे शत्रूही मान्य करतात. हे शत्रू म्हणजे त्यांची गिऱ्हाइकं. एक नवरदेव भावाचा कोट घालून बोहल्यावर उभा राहिला, कारण त्याचा स्वतःचा परवा मिळणार होता. तो मिळाला तेव्हा नवरदेवाच्या अंगाला होईना. मास्तरांना मात्र चिंता नव्हती. त्यांनी आत दाब ठेवलेला होता. दाब म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. माणूस सुटला, की उसवून मोठं करता येतं. "माणूस सुटतोच," असं मास्तर म्हणतात. त्यांची माणसाविषयीची समजूत एवढीच आहे आणि ती अजून चुकलेली नाही.

पुढे लोक तयार कपडे घ्यायला लागले. दुकान बंद झालं. मास्तर महिनाभर खिडकीत बसून रस्त्यावरच्यांचे खांदे बघत राहिले. मग एका सकाळी भंगारवाल्याने साखळीने ओढत एक पिकअप अंगणात आणून सोडली. तिचा मूळ रंग कोणता ते सांगणं अवघड होतं. दारं हलवली की गंजाचा भुगा पडायचा.

"हे काय आहे?" काकूंनी विचारलं.

"गाडी."

"होती," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

या सगळ्यामागे ताई होती. ताई म्हणजे मास्तरांची मुलगी. तिने शेजारच्या शहरात शिवणाचं दुकान घ्यायचं ठरवलं होतं. शिवण तिचं उत्तम, पण कटिंग कच्चं. कापडावर कात्री चालवताना तिचा हात थरथरतो. ती बापाला म्हणाली, "बाबा, तुम्ही आलात तर दुकान चालेल. नाहीतर मी फक्त फॉल-पिकोच करत बसेन."

मास्तरांना जायचं होतं. पण मुलीच्या दुकानात पोरीच्या पाठोपाठ पिशवी घेऊन? "मी येईन तर माझ्या गाडीतून येईन. तुझी मशिनं मी पोचवणार. स्वतः." तारीखही दिली त्यांनी. परवा नव्हे, चांगली पुढच्या महिन्यातली. ताईने ती ऐकून घेतली. चेहरा अगदी गरीब ठेवून.

काम सुरू झालं. गाडी दुरुस्त करायची तर लोक आधी इंजिन बघतात. मास्तरांनी आधी माप घेतलं. टेपने, बॉनेटच्या छातीचं. मग गंजलेल्या भोकांवर बोट फिरवून म्हणाले, "कसर लागलीय." तारेच्या ब्रशने गंज खरवडला, पॉलिश पेपर मारला आणि भोकांना पत्र्याचे तुकडे रिव्हेटने असे बसवले, की जणू रफूच केलं. मी दुसरं टोक धरून उभा असायचो. चार वर्षं शोकांतिका वाचूनही हे दृश्य कुठल्या खात्यात टाकावं ते मला कळेना.

जे येत होतं ते मास्तरांनी फार सुंदर केलं. सीटच्या कडांना गोट लावला. छताला आतून अस्तर दिलं. स्टिअरिंगला असं कव्हर चढवलं, की टाका दिसायचा नाही. गिअरच्या दांड्याला बाही शिवली. तिला कफ, कफला बटण. दोन्ही दारांना आतून खिसे, ड्रायव्हरच्या दाराला पेनाचा वेगळा. खिडक्यांना चुणीदार पडदे. ब्रेक मात्र नव्हते.

मेकॅनिक आला. गाडीभोवती फेरी मारून म्हणाला, "मास्तर, कॉलर राहिली."

"तू इंजिनाचं बघ. अंगावरचं मी बघतो."

मेकॅनिकने इंजिन उतरवलं, ब्रेक बसवले, आणि तारखेच्या आधी ती गाडी खरोखर सुरू केली. ती थरथरली, खोकली आणि चालू राहिली. मास्तरांचे डोळे भरून आले. धूरही बराच होता.

मग मेकॅनिक म्हणाला, "दारं लावा, एक चक्कर मारू."

दारं लागेनात.

दोन्ही दारांचा आणि मागच्या फाळक्याचा पत्रा मास्तरांनी नवा कापला होता. स्वतः, खडूने आखून. मेकॅनिकने पट्टी लावून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग मास्तरांकडे.

"चहूबाजूंनी जास्त कापलाय."

"जास्त कुठे? दाब ठेवलाय."

"पत्र्याला?"

"पुढे गाडी सुटली तर?"

"गाडी सुटत नाही हो मास्तर!"

"सगळे असंच म्हणतात," मास्तर शांतपणे म्हणाले. "लग्न झालं की परत येतात."

मेकॅनिकने पत्रा कापायची कात्री काढली, तसे मास्तर दारासमोर आडवे उभे राहिले. दाब छाटणं हा त्यांच्या मते गुन्हा आहे. कपडा एकदा छाटला की वाढवता येत नाही. मेकॅनिक म्हणाला, "मग दारं दोरीने बांधून जा," आणि गाडीला हात जोडून निघून गेला. मास्तरांनी मात्र तोडगा काढला. दारं दोरीने बांधायची आणि हौद्यावर ताडपत्रीचा असा तंबू शिवायचा, की त्याची झूल खाली येऊन दोर आणि फटी झाकेल. "कुणाला दिसणार नाही," ते म्हणाले. आयुष्यभर ते माणसांच्या पोटांचं हेच करत आले होते.

ठरलेला दिवस उजाडला. मास्तर हौद्यात मांडी घालून ताडपत्री शिवत होते. मशिनं ओट्यावर बांधून ठेवलेली. तेवढ्यात गल्लीत टेम्पो वळला आणि सरळ आमच्या दारात थांबला.

"हा कुणी सांगितला?" मास्तर.

"मी," ताई म्हणाली. "तुम्ही तारीख दिलीत त्याच दिवशी."

मास्तरांचा हात थांबला. नवरदेवाच्या बापाने दिलेल्या शिव्यांचाही त्यांच्यावर असा परिणाम झाला नव्हता.

"एवढी एक बाजू राहिलीय," ते म्हणाले. "मग लगेच मागून येतो."

"बाबा, पुढे सीट रिकामी आहे."

"त्या सीटला गोटसुद्धा नाही."

मशिनं टेम्पोत चढली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मास्तर टाका घालत राहिले, जरा जास्तच बारीक. ताईला रडू येत होतं की राग, ते मला कळलं नाही. तिने ओठ दाबून धरले होते. तेव्हा काकू घरातून बाहेर आल्या. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्या टेम्पोपाशी गेल्या आणि ते पुढच्या सीटवर ठेवलं. फडक्यातून दोन पितळी कड्या चमकल्या.

"ए! कात्री कुठे चाललीय?" मास्तर हौद्यात उभे राहिले.

"माझ्या दुकानात," ताई म्हणाली. "हात थरथरतो माझा, पण शिकेन. तुम्ही परवा या."

गल्लीत कुणीतरी खो-खो हसलं. बहुधा एखादं जुनं गिऱ्हाईक असावं. मास्तरांनी ताईच्या खांद्यांकडे पाहिलं, दोन्ही, एकेक करून. मग हौद्यातून उतरले.

"तू धरशील ती कात्री? अंगठा कुठल्या कडीत घालायचा ते तरी कळतं का?" असं बडबडत ते टेम्पोत चढले आणि कात्री मांडीवर घेऊन बसले. चपला घालायच्या राहिल्या. काकूंनी त्या खिडकीतून आत फेकल्या. टेम्पो गेला.

दुकान चालतंय. मास्तर कापतात, ताई शिवते. गिऱ्हाइकाला तारीख ताई देते आणि त्या वेळी मास्तरांना चहाला पाठवते. काकू रविवारी जाऊन येतात. इतर दिवशी त्या गाडीच्या दारांना बांधलेल्या दोरीवर ओली फडकी वाळत घालतात. गाडीचा हा पहिला उपयोग.

ताडपत्रीच्या तीन बाजू शिवून झाल्या आहेत. चौथीच्या मध्यावर दोऱ्याला सुई लोंबते आहे. तिला गंज चढायला लागला, म्हणून मी फोन केला, काढून ठेवू का?

"हात लावू नकोस, ग्रॅज्युएट," मास्तर म्हणाले. "टाका सुटेल. मी येतोच आहे ती बाजू पुरी करायला."

कधी, ते मी विचारलं नाही.