घोंगडीतली वीज

कपाटातली घोंगडी काढली की लोकरीचा आणि चिंचोक्याच्या खळीचा वास येतो, आणि कन्नडजवळच्या आमच्या घरातली थंडीतली एक पहाट आठवते. बी.एस्सी. संपत आली होती आणि मला विद्यापीठात फिजिक्सच शिकायचं होतं. चुलते म्हणायचे, बी.एड. कर, नोकरी लागंल. माझे वडील, आबा, आम्हा दोघांपुढंही नुसती मान हलवायचे. त्या पहाटे मेंढरं सोडायला उठताना त्यांनी अंगावरची घोंगडी ओढली आणि अंधारात तडतडत ठिणग्या उडाल्या. "हे काय असतं गं?" त्यांनी विचारलं. लोकर घासली की वीज साठते, मी चुलीजवळून उत्साहानं सांगितलं. "पर नुसत्या घासण्यानं वीज येती कशी?" मी दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा मधेच अडखळले. वाटलं, आता बी.एड.च. आबा हसले, "म्हंजे लई शिकायचं ऱ्हायलंय की तुझं!" पुढं विद्यापीठाच्या हॉस्टेलवर सोडायला आले तेव्हा भर उकाड्यात त्यांनी तीच घोंगडी माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "पांघराया नाय, तिथल्या सरांना इचाराया." आता मी स्वतःच फिजिक्स शिकवते. आबा अजून फोनवर विचारतात, "घोंगडीचं कळलं का?" मी म्हणते, "पुरतं तर कुणालाच नाय अजून," आणि ते खूश होऊन फोन ठेवतात.