मागच्या तारखेची ओळ

ईशान, रेवा,

हे तुमच्या आईला ठाऊक नाही. आजोबा गेले, त्यांनाही मी कळू दिलं नाही. परवा फोनवर तुम्ही दोघं पुन्हा तो किस्सा सांगून हसलात — "सुलभामावशींनी लायसन्सच पुसून टाकलं!" — आणि मीही हसले. फोन ठेवल्यावर स्वतःचा इतका संताप आला, की हातातला पेला मोरीत आपटला. मी हसलेच कशी?

वाचनालयातले ते पाच जुने लॅपटॉप आठवतात ना? मुंबईकर मंडळींनी मुलांच्या वर्गासाठी पाठवलेले, एक पावसाळा कपाटात काढून बुरशी धरलेले. त्यांची ऑपरेटिंग सिस्टिम काढून नव्याने घालायची होती, आणि ती परवान्याचीच हवी, चोरीची नको, असं समितीने ठरवलं होतं. परवाना होताच — प्रत्येक लॅपटॉपच्या खाली चिकटवलेल्या कागदावर, पंचवीस अक्षरांचा. ईशान, तू मला फोनवरून सगळं शिकवलंस. पहिल्याच दिवशी बजावलंस, "आजी, आधी ती अक्षरं वहीत उतरवून घे." मी वहीत रकाने आखले. रेघा सरळ, मथळा लाल शाईत. रकाने मात्र रिकामे. का? — कारण बुरशीला हात लावायची मला किळस आली. आधी स्वच्छता, मग लेखन. ही माझी शिस्त!

सुलभा तेव्हा वाचनालय उघडायची, झाडायची. वर्ग सुरू झाला की संगणकाची खोली तिच्या ताब्यात येणार होती. सातवी शिकलेली बाई — त्या खोलीसाठी संध्याकाळी इंग्रजी अक्षरं गिरवत होती, माझ्याच ओटीवर बसून. मी तिच्या हातात स्पिरिटची बाटली आणि फडकं दिलं. पहिला लॅपटॉप उलटा करून तिने विचारलं, "बाई, ह्यो खालचो कागद पण पुसू?"

विचारलं होतं तिने. ऐकताय ना? विचारलं होतं.

मी वर न बघता म्हटलं, "सगळां पूस गो. येक डाग दिसाक नाय व्हयो."

तिने घासून पुसलं. मी पाचही लॅपटॉपमधली जुनी सिस्टिम काढली, नवी घातली. पडद्यावर परवान्याची अक्षरं मागणारी चौकट आली, तेव्हा कुठे लॅपटॉप उलटा केला. कागद पांढरा. दुसऱ्याचाही. पाचही पांढरे.

"माझी चूक" — दोनच शब्द होते. शाळेत इंग्रजी शिकवताना हेच दोन शब्द मी किती पोरांच्या तोंडून वदवून घेतले असतील! स्वतःवर वेळ आली तेव्हा काय केलं? वही उघडली. चार दिवस आधीची तारीख घातली आणि लिहिलं — "खालच्या कागदाला हात लावू नये, असे सुलभाला बजावले." अक्षर नेहमीसारखंच वळणदार. आज त्या हाताची चीड येते.

समितीच्या बैठकीत मी तोंडाने खोटं बोललेच नाही — वही फक्त पुढे सरकवली. इंग्रजी शिकलेल्या, तारीखवार लिहिणाऱ्या बाईच्या वहीवर कोण शंका घेणार? अध्यक्षांनी ती सुलभापुढे धरली. मला वाटलं, आता ही भांडेल. उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती मी. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं, सावकाश वाचली, पुन्हा वाचली.

"बाईंनी लिवल्यानी म्हणजे तसाच आसतला," ती म्हणाली. "माझ्याच आयकण्यात चूक झाली आसतली."

ती भांडली असती तर — नाही. ती भांडली असती तरी मी खोटंच बोलले असते.

दुसऱ्या दिवशी समितीने वाचनालयाची किल्ली तिच्याकडून काढून घेतली. वर्ग भरलाच नाही. लॅपटॉप कपाटात आहेत. तिची इंग्रजी अक्षरं 'एम'पर्यंत आली होती. ती पुन्हा ओटीवर आली नाही, मी बोलावलं नाही.

गेल्या महिन्यात तोंडवलीला गेले होते. पर्यटकांच्या एका खानावळीत सुलभा वाढायला होती. "बाई, बऱ्या मां?" म्हणत पुढे आली, अगदी पूर्वीसारखी. मी सोलकढी मागितली. दोन पावलं जाऊन परत फिरली — "सोलकढीच म्हणालात मां?"

गल्ल्यावरून मालकीण हसली. "हिका सगळां दोनदा इचारूची खोड आसा. गिऱ्हायकां वैतागतत."

सुलभा ओशाळली. "माका नीट आयकाक येना नाय, बाई. तुमका तर म्हायतच आसा."

तिचे कान ठणठणीत आहेत. मी मान डोलावली, सोलकढी प्यायले आणि घरी आले.