विहिरीच्या पाईपवरचे तीन ठोके

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. त्यामुळे हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय… तरी लिहितो.

मी तेलविहिरींवर काम करतो. खालचं तेल काकवीसारखं घट्ट असलं की सरळ उभ्या विहिरीत ते येत नाही. मग एकाच विहिरीतून, खूप खोलवर, आडव्या फांद्या काढतात. ड्रिल कुठल्या दिशेनं न्यायचं ते मी सांगतो. हल्ली घरूनच — गोंदियाला लागून फुलचूर आहे, तिथून, लॅपटॉपवर. ड्रिल चालवणारी रिग राजस्थानात.

बाबांचंही काम हेच, फक्त पाण्यासाठी. गावोगावच्या विहिरींत उतरून आडवे बोर मारायचे. "तेल काढ का पानी काढ, भोक आडवंच मारा लागते ना बे," म्हणून मला चिडवायचे. वरच्या कॉम्प्रेसरच्या आवाजात खालची हाक ऐकू येत नाही, म्हणून ते पाईपवर पाना ठोकायचे. दोन ठोके म्हणजे चालू ठेव, तीन म्हणजे थांब. कॉलेजच्या सुट्ट्यांत वर कॉम्प्रेसरपाशी मीच असायचो.

बाबा गेले तेव्हा मी रिगवर होतो. अग्नी चुलतभावानं दिला. ते मला अजून सहन होत नाही.

यंदाच्या मार्चमधली गोष्ट. सकाळचे अकरा, घरात मी एकटा. तिसरी फांदी चालू होती, पहिलीच्या जवळून जाणारी. चुकून तिला भिडली असती तर दोन्ही वाया, आणि माझी नोकरीही. पण आकडे ठीक दिसत होते. तेवढ्यात परसातल्या विहिरीचा पाईप वाजला. तीन ठोके.

मी फोनवर ड्रिल थांबवायला सांगितलं… विचारबिचार काही केला नाही. तिकडचा इंजिनिअर वैतागला, "सर, सब ठीक है, रोकना क्यों है?" काय सांगणार? आकडे परत तपासू म्हटलं. तपासले, तर होकायंत्र दाखवतं ती उत्तर दिशा आणि खरी उत्तर दिशा यांतला फरक मीच उलटा धरला होता. पहिली फांदी चार मीटरवर होती.

परसात धावलो. कोणी नव्हतं. मोटार तर कित्येक महिने बंद. शेजारचे पटलेकाका कुंपणावरून म्हणाले, "लोखंड हाय बाबू, उन्हानं वाजते. तू कायले एकटा बसून राह्यला घरात?"

असेल उन्हानं. पण मग एप्रिल-मे अख्खा तापला, पाईप परत वाजला नाही. भीती वाटली असंही नाही. आता प्रत्येक आकडा तीनदा तपासतो, चूक होत नाही… आणि कधी कधी वाटतं, एखादा मुद्दाम चुकवून बघावा.