तोकुझोंचं पहिलं फडकं

आमचे हे, म्हणजे तोकुझो, चाळीस वर्षं साकाताच्या बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करत होते. निवृत्त झाले आणि शेजारच्या किनुयो आजींकडे साशिकोचे, म्हणजे धावदोऱ्याच्या भरतकामाचे, टाके शिकायला बसले. पहिल्याच दिवशी कापड पार आक्रसलं.

"अरे, हा काय बोल्ट आहे आवळायला?" आजी ओरडल्या. "दोरा सैल सोड!"

मग यांना वेडच लागलं. घरातलं सगळं फाटकं शिवून झालं, तेव्हा माझ्या कोऱ्या मोज्यांवर डोळा! परवा भांडी पुसायचं पहिलं फडकं पुरं झालं. पांढऱ्यावर निळे टाके, सगळे तांदळाच्या दाण्याएवढे. स्वारी म्हणाली, "फ्रेम करून भिंतीवर लावतो!"

आजी बघायला आल्या आणि चहाचा पेला कलंडला. त्यांनी सरळ तेच फडकं उचललं, टेबल खसाखसा पुसलं आणि पिळून यांच्या हातात दिलं. आता भडका उडणार, म्हणून मी श्वास रोखला.

यांनी फडकं उजेडात धरलं. "अगं, एकसुद्धा टाका हलला नाही!" आणि पासष्टीचा हा माणूस चक्क नाचायला लागला. "आजी, सांडा! अजून काहीतरी सांडा!"