सरांच्या घरची शेगडी आमच्या घरात

“उभी राहा,” सर म्हणाले. मराठीत. म्हणजे फक्त मला कळावं म्हणून.

मी उभी राहिले. समोर तीन परदेशी पाहुणे. देशोदेशी जायचं, तिथल्या सरकारची आर्थिक, सामाजिक धोरणं तपासायची, गरिबापर्यंत काय पोहोचलं ते लिहायचं, हे त्यांचं काम. वाराणसीत त्यांची दुभाषी म्हणून सरांच्या संस्थेनं मला नेमलं होतं. अर्थशास्त्रात एम.ए. आहे मी. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिलीच. गळ्यात माझ्या नावाचं कार्ड होतं.

सर पाहुण्यांकडे वळून इंग्रजीत म्हणाले, हिची आई आमच्या घरी भांडी घासते. आणि ही एम.ए. झाली. धोरणं काय करतात ते पाहायला आकडे कशाला, ही बघा.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, तेच जास्त लागलं.

कार्ड गळ्यातच. पण कामाला आलेली मी कुठे होते त्या खोलीत? बघायची चीज झाले होते. पाहुण्यांतल्या एकानं फोटो काढला. मी बसले. पहिलीच नोकरी.

दुर्गाघाटावर सरांचं घर आणि आमचं, दोन्ही जुनी. सरांचे पूर्वज पुण्याकडून काशीला पूजा करायला आले. आमचे त्यांची भांडी घासायला आले. तेव्हापासून दोन्ही घरांत मराठी बोलतात. त्यांच्या मराठीचा सत्कार होतो. आमची मराठी मोरीवर वाकून बोललेली, तिच्यात निम्मी हिंदी. आई सरांना अजून ‘छोटे मालक’ म्हणते. सर साठीचे आहेत. ते तिला ‘ए शांता’ म्हणतात.

दुपारी पाहुण्यांना एक गरीब घर दाखवायचं होतं. कुठलं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. सर पुढे, आम्ही मागे. गली ओळखीची वाटली. मग दार ओळखीचं वाटलं. आमचंच.

आई दारात, ठेवणीतल्या साडीत. आत पाहिलं. सकाळी मी चुलीवरची रोटी खाऊन निघाले होते. आता चूल्हा दिसत नव्हता. त्यावर पत्र्याची पेटी, पेटीवर धुतलेली चादर. शेजारी गॅसची शेगडी, लाल सिलिंडर. सरकारी योजनेतला सिलिंडर आम्हालाही मिळाला होता. तो रिकामा होऊन कोपऱ्यात गेला, पुन्हा भरणं जमलं नाही. हा भरलेला होता. आणि ती शेगडी मी ओळखली. डावं बटण तुटलेलं. सरांच्या स्वयंपाकघरातली. आई ती रोज पुसते. लहानपणी सुट्टीत मीही पुसलीय.

पाहुण्यांमधल्या बाईंनी विचारलं, या काही वर्षांत तुमचं जगणं सुधारलं का? मी आईला मराठीत विचारलं. आईनं हात जोडले. बघितलं मात्र सरांकडे.

“सब आपकी कृपा है.”

“समाधानी आहे म्हणून सांग,” सर म्हणाले.

बनारसमध्ये ‘आपकी कृपा’ हे वाक्य माणूस कुणालाही म्हणतो. खोलीच्या मालकाला, हवालदाराला, पंडितजींना. ज्याच्या हातात आपलं काही आहे, त्याला. आई जन्मभर म्हणत आलीय. आणि असल्याच वाक्यांना समाधान समजून देशाचा हिशेब लिहितात? डोकं भणभणलं. सकाळच्या टाळ्या अजून कानात होत्या.

मी इंग्रजीत सांगितलं, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. जो काम काढून घेऊ शकतो, त्या माणसासमोर माझी आई असंच बोलते.

सर हसले. म्हणाले, मुलगी जरा भावनाप्रधान आहे. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, पुन्हा विचारा.

मी पुन्हा विचारलं. आई माझ्याकडे वळली, दात दाबून म्हणाली, “गप बस ना ग. उद्या मला तिथंच जायचंय कामाला.”

मी तेच इंग्रजीत सांगितलं. शब्दाला शब्द.

तिथं म्हणजे कुठे, बाईंनी विचारलं. मी सरांकडे बोट केलं. म्हटलं, यांच्या घरी. ही शेगडीही तिथलीच. आज संध्याकाळी परत जाईल. मग पेटी उचलली, चादर ओढली, चूल्हा दाखवला. राख अजून कोमट होती.

बाहेर गलीत सर मला म्हणाले, “तुला शिकू दिलं, ही आमची चूक.”

“तुम्ही कोण शिकू देणारे?” मी म्हटलं. सरांना उलटून बोललेली आमच्या घरातली पहिली मीच.

माझी नोकरी तिथंच संपली. दुसऱ्या दिवशी आईला सरांच्या दारातूनच परत पाठवलं. घरी येऊन ती म्हणाली, “तुझं इंग्रजी झालं. माझं काम गेलं.” ती आता संकठा घाटाकडे दोन घरी जाते, लांब पडतं, गुडघे धरतात. माझ्याशी कामापुरतं बोलते.

अहवालात आमच्या घराचं काय लिहिलं, माहीत नाही. विचारायला त्या पाहुण्यांना पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. आणखी पाठवेन. घरात बसवत नाही मला. गलीतल्या बायकांकडे जाते, त्यांना सांगते, पाहणीवाले आले की हात जोडायचे नाहीत, चूल्हा झाकायचा नाही. बायका म्हणतात, तुझं काय जातंय बोलायला. बरोबर आहे त्यांचं. तरी उद्या पुन्हा जाणार.

आणि पाहणीला कुणीही येवो, कुठल्याही देशातून. मालकाला बरोबर घेऊन आला, तर आमचं दार उघडणार नाही.