दोन तारा आणि बॅनरवरची खालची ओळ

मोटर रिवायंडिंगच्या धंद्यात माणसाचा स्वभाव बिघडतो, असं माझी बायको म्हणते. जळालेली मोटर घेऊन येणारा प्रत्येक जण आधी "थोडंसंच काम आहे" म्हणतो आणि मग भाव पाडतो. पंचवीस वर्षं भंडाऱ्यात दुकान टाकून मी हेच ऐकतो आहे. तेव्हा स्वभाव बिघडला असेलही. पण मायक्रोकंट्रोलरचा नाद मला धंद्यापायी लागला नाही. तो रागापायी लागला.

तीन वर्षांपूर्वी पॉलिटेक्निकमधली एक मुलगी तळहाताएवढा निळा बोर्ड घेऊन दुकानात आली. एक पिन निघाली होती, सोल्डर मारून हवी होती. मी मारून दिली. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण माझ्या दुकानातून कुठलीही वस्तू तपासल्याशिवाय बाहेर जात नाही. मी सिरीजचा दिवा काढला. म्हणजे घरातल्या विजेवर चालणारा साधा बल्ब आणि त्याच्या दोन मोकळ्या तारा. मोटरीत गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेचं वायंडिंग कुठे तुटलं ते आम्ही यावर पाहतो. ती दोन टोकं मी बोर्डावर टेकवली. चट् असा आवाज झाला आणि धुराची बारीक रेघ छताकडे गेली.

"काका," मुलगी म्हणाली, "तो पाच व्होल्टचा होता."

"मग अगोदर सांगायचं ना!"

"तुम्ही विचारलं कुठं?"

बोर्ड भरून देणं भाग होतं आणि तो कुठला, कसला, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून तिच्या कॉलेजात गेलो. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्राध्यापकांनी जळका बोर्ड दोन बोटांत धरून सगळ्या स्टाफरूमला दाखवला. मला बस म्हटलं नाही. "हे प्रोग्रामिंगचं काम आहे," ते म्हणाले. "मोटरी बांधण्यासारखं नाही. यात डोकं लागतं." तिघं-चौघं हसले. मी बोर्डाचं नाव लिहून घेतलं आणि परत आलो. बोर्ड दोन मागवले. एक त्या मुलीचा, एक माझा.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्ये बसवलेला लहानसा कॉम्प्युटर. आपण लिहून दिलेल्या सूचना तो वरून खाली वाचतो आणि संपल्या की पुन्हा वरून सुरुवात करतो. कंटाळत नाही, उलट बोलत नाही. असा कारागीर मला आयुष्यात मिळाला नव्हता, म्हणून मी खूश होतो. पण हिंदी व्हिडिओ लावून, जुना लॅपटॉप समोर ठेवून मी दोन दिवस बसलो, तरी लॅपटॉपला बोर्ड दिसेचना. बोर्डावरचा दिवा लागत होता, म्हणजे वीज पोचत होती. मी बोर्डाला शिव्या दिल्या, व्हिडिओतल्या माणसाला दिल्या, प्राध्यापकांना तर चहाबरोबर देतच होतो. तिसऱ्या दिवशी कळलं की मी मोबाइल चार्जरची केबल लावली होती. तिच्यातून नुसती वीज जाते. माहिती नेणाऱ्या तारा आत नसतातच. केबल बदलली आणि एका मिनिटात एलईडी लुकलुकू लागला. एक सेकंद चालू, एक सेकंद बंद.

मी बायकोला हाक मारून बोलावलं. तिनं कमरेवर हात ठेवून पाहिलं.

"तीन दिवस याच्यासाठी बसले होते? आपल्या घरी तं बटन दाबलं का लागते."

"हा आपोआप लागून राहिला, दिसत नाही का?"

"आपोआप बंदही होऊन राहिला," ती म्हणाली आणि आत गेली.

पुढं वर्षभरात मी रिले शिकलो, म्हणजे बोर्डाच्या हुकमावर मोटर चालू-बंद करणारं बटन, सेन्सर शिकलो, आणि बेअरिंगच्या कपाटात एक खण बोर्डांसाठी मोकळा केला. पोरं येऊ लागली. कुणाला गॅसचा अलार्म, कुणाला अंधार पडल्यावर लागणारा दिवा, आणि दहातल्या सात जणांना आपोआप पाणी देणारी कुंडी. मातीत सेन्सर खोचायचा. माती कोरडी झाली की पंप सुरू, ओली झाली की बंद. मी वस्तू द्यायचो आणि जोडायचं कसं तेही सांगायचो. पोरं मला काका म्हणायची. सर कुणी म्हणायचं नाही. सर कॉलेजात असत.

मग एके दिवशी करडीकडच्या एका शाळेचे मुख्याध्यापक दुकानात आले. आठवी-नववीच्या मुलांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायची होती. बोर्ड माझ्याकडून घेणार आणि उद्घाटनाला तेच प्राध्यापक येणार.

"शिकवणार कोण?" मी विचारलं.

"प्राध्यापक साहेब दहा मिनिटं बोलतील. बाकी तुम्हीच सांगा ना थोडं थोडं."

"म्हणजे दोन दिवस मी शिकवायचं. मग बॅनरवर मार्गदर्शक म्हणून माझं नाव पायजे."

"अहो, नावात काय आहे?"

"काही नाही ना? मग टाकून द्या."

ते हसले, चहा प्यायले, आणि बोर्डांचा भाव कमी करा म्हणाले. मी म्हणालो, करतो, मार्गदर्शक छापा. ते म्हणाले, शिवाय पंप आणि सेन्सर वापरायला द्या. मी म्हणालो, देतो, मार्गदर्शक छापा. सगळ्या आयुष्यात मी इतका वाईट सौदा केला नाही, आणि उठताना वाटत होतं की जिंकलो.

कार्यशाळेच्या सकाळी शाळेच्या फाटकातच बॅनर दिसला. प्रमुख मार्गदर्शक म्हणून प्राध्यापकांचं नाव फोटोसकट होतं. सगळ्यात खाली, छापणाऱ्या प्रेसच्या नावाच्या जरा वर, बारीक अक्षरात ओळ होती: साहित्य सहकार्य. त्यापुढे माझं नाव.

मी बोर्डांची पेटी परत गाडीवर ठेवली. मुख्याध्यापक पळत आले.

"अहो, असं काहून करून राहिले? फ्लेक्सवाल्यानं चूक केली."

"फ्लेक्सवाल्याले त्यांचा फोटो बरा सापडला!"

"पोरं बसली आहेत हो. पुढच्या वर्षी दुरुस्त करू."

पोरं खरंच बसली होती. पेटीकडे अशी पाहत होती की जणू तिच्यात जिलेबी आहे. मी पेटी उतरवली; पण रागानं उतरवली, हे मुख्याध्यापकांनी पाहिलं असेल अशी मला आशा आहे.

प्राध्यापक आले, स्मार्ट शेतीवर बोलले, नारळ घेऊन गेले. मी कुंडी टेबलावर ठेवली, सेन्सर मातीत खोचला आणि पंप चालवून दाखवला. टाळ्या पडल्या. मग नववीतली एक मुलगी उठली. तेल लावलेल्या दोन घट्ट वेण्या, हातात वही.

"काका, हे धानाले लावता येते का?"

"काहून नाही? पाणीच तर द्यायचं आहे."

"पण बांधीत तं पाणी उभंच राहते. रोपं लावून रोवणा झाल्यावर खालचा चिखल कायम ओलाच. तुमचा सेन्सर मोटर कधी चालूच नाही करणार. जमिनीले भेगा पडल्यावर करन."

वर्ग हसला. माझं डोकं तापलं, कारण ती बरोबर होती. दोन वर्षं मी धानाच्या मुलखात बसून कुंडीतल्या फुलझाडाचं यंत्र विकत होतो. व्हिडिओ करणाऱ्यांच्या गच्चीत कुंड्या असतील. आमच्याकडे बांध्या आहेत, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेली भाताची शेतं. घेणाऱ्या एकाही पोराला, त्याच्या मास्तरला किंवा मला हे सुचलं नव्हतं.

"मग तूच सांग कसं करायचं," मी खेकसलो.

तिला खेकसणं लागलं नाही. घरी सवय असावी. ती पुढं आली, सेन्सर मातीतून उपसला आणि सुतळीनं एका काडीला बांधला, मातीपासून चार बोटं वर. कुंडीऐवजी तिनं चिखल घातलेलं घमेलं घेतलं. "पाणी इथपर्यंत आलं का बंद. खाली गेलं का चालू." प्रोग्रामची एक ओळसुद्धा बदलायची नव्हती. फक्त सेन्सर वर उचलायचा होता.

पंप सुरू झाला, पाणी चढलं, सेन्सरला टेकलं, पंप थांबला. पुन्हा टाळ्या. पण पाणी हलत होतं. लाट खाली गेली की रिले खट् करून लागे, लाट वर आली की सुटे. खट्, खट्, खट्. पोरांना मजा वाटत होती. मला नाही. हा आवाज मी ओळखतो. अशी चालू-बंद होणारी मोटर दोन दिवसांत माझ्या दुकानात येते, तांब्याचा कोळसा होऊन.

"थांबव," मी म्हटलं. "मोटर दर वेळी सुरू होताना जास्त करंट ओढते. असं केलं तर तुझ्या बाबाची मोटर जाळशील. एक नाही, दोन तारा पाहिजेत."

मी फळ्यावर काढलं. सेन्सर सोडून उघड्या तारा घ्यायच्या. एक तळाशी कायम पाण्यात असतेच, वीज परत यायला; ती मोजायची नाही. मोजायच्या दोन: एक खाली, एक चार बोटं वर. पाणी खालच्या तारेच्याही खाली गेलं तरच मोटर सुरू. वरच्या तारेला लागलं तरच बंद. मधे कितीही लाटा येऊ देत, मोटर जशी आहे तशीच राहील. आता मात्र प्रोग्राम बदलावा लागला, कारण मोटर चालू आहे की बंद, हे बोर्डाला लक्षात ठेवायला सांगायचं होतं. मुलीनं तो स्वतः लिहिला. तीनदा चुकली. मी चारदा ओरडलो.

तिची प्रतिकृती विज्ञान प्रदर्शनात जायची ठरली. फॉर्मवर मार्गदर्शकाचा रकाना होता. मी पेनाकडे पाहत होतो. मुख्याध्यापकांनी नियम वाचून दाखवला: मार्गदर्शक शाळेचाच शिक्षक हवा, आणि बाहेरच्या माणसाची मदत आढळल्यास प्रतिकृती बाद. त्यांनी विज्ञान शिक्षकांचं नाव लिहिलं. मी दिवसभर गिऱ्हाइकांशी भांडलो.

तरी प्रदर्शनाला गेलो. भंडाऱ्यातच होतं, आणि माझा दोन तारांचा हिशेब तिथं काय दिवे लावतो ते मला पाहायचं होतं. तिच्या टेबलाशी उभा होतो तोच परीक्षक आले. पुढं तेच प्राध्यापक.

त्यांनी घमेलं पाहिलं, पंप चालवून पाहिला. "छान. ही दोन तारांची कल्पना कोणाची?"

"तार पाण्यावर ठेवायची माझी," मुलगी म्हणाली. "आन् दुसरी..."

ती थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली. तिला खोटं बोलता येत नव्हतं. शेजारी उभ्या मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. प्राध्यापक तिच्या नजरेमागून माझ्यापर्यंत आले.

तीन वर्षं मी याच क्षणाची वाट पाहिली होती. त्याच माणसासमोर, भरल्या हॉलमध्ये, फक्त "माझी" एवढं म्हणायचं होतं. आणि तेवढं म्हटलं की पोरीचं टेबल उचललं जाणार होतं.

"मी मोटरवाला आहे," मी म्हटलं. "पाहाले आलो."

"अरे, तुम्ही!" त्यांनी मला ओळखलं, हेच वाईट झालं. "पाहा, पाहा. शिका काही पोरांकडून. या इकडे, समजावून सांगतो. ही एक तार खराब झाली तर दुसरी काम करते. याला बॅकअप म्हणतात."

मी दोन्ही हात खिशात घातले. मुलगी घमेल्यात पाहत होती. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते.

"पण सर," मी जमेल तितक्या गरिबीनं विचारलं, "बॅकअप आहे तर दोन्ही तारा एकाच उंचीवर नको का?"

त्यांनी तारांकडे पाहिलं. मग कागदाकडे. "तो डिझाइनचा भाग आहे," ते म्हणाले, आणि गुण लिहून पुढच्या टेबलाकडे गेले.

दुपारी निवड झालेल्यांची यादी लागली. तिचं नाव होतं. मुख्याध्यापक गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आले आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

"वाचवलं तुम्ही आज. पुढच्या वर्षी बॅनरवर मार्गदर्शक म्हणून तुमचंच नाव, फोटोसकट."

"लेखी द्या," मी म्हटलं.

त्यांना ती गंमत वाटली. मोठ्यानं हसले. मी खिशातून पेन काढून टोपण उघडलं आणि त्यांच्यापुढं धरलं.